हिशेब जरूर विचारा, पण कापडाला कात्री लागण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या अंकात ‘ब्लाउजच्या शिलाईची लूट’ या मथळ्याखाली एका वाचक भगिनींचं पत्र वाचलं. त्यांची साडी साडेसातशेची आणि तिच्यावरच्या ब्लाउजची शिलाई साडेपाचशे झाली. यावरून त्यांनी लिहिलंय की घरगुती टेलर, प्लंबर, पार्लरवाल्या, शिकवणीवाले हे सगळे मनाला येईल तो दर लावतात. पाकिटावर जशी एमआरपी छापलेली असते तसा या लोकांनीही दर कसा ठरवला याचा हिशेब लिहून द्यावा, आणि गिऱ्हाइकांनी तो मागायची लाज बाळगू नये.

मी डोंबिवली पूर्वेला राहत्या घरी शिवणकाम करते. ज्या वर्षी गणेश मंदिरातून पाडव्याची पहिली स्वागतयात्रा निघाली, त्या १९९९ साली सुरुवात केली. त्याआधी चिपळूणला एक वर्षाचा शिवणक्लास केला होता. लग्नात आईने पायाचं मशीन दिलं होतं. आता मोटरवर चालणारं जुकी कंपनीचं मशीन आहे. म्हणजे पत्रातल्या ‘या लोकांत’ मीही आले. पत्र वाचून आधी राग आला, रात्रभर तो डोक्यात होता. पण सकाळी पुन्हा वाचलं तेव्हा वाटलं, बाईंचं अर्धं म्हणणं बरोबर आहे. त्या अर्ध्यासाठी आणि उरलेल्या अर्ध्यासाठी, दोन्हींसाठी हे पत्र लिहितेय. लांबलं तर कापा, पण कृपा करून आकडे कापू नका.

मला प्रश्नांची सवय आहे. माझ्या सासूबाई १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीच्या आमच्या भागातल्या संघात होत्या. महिन्याचं वाणसामान एकत्र यायचं, आमच्या जिन्यात वाटप व्हायचं, आणि सासूबाई तूरडाळ मुठीत घेऊन दाणा बघायच्या. दुकानात वजनकाटा शून्यावर आहे का ते वाकून बघितल्याशिवाय त्यांनी कधी काही घेतलं नाही. त्या मला म्हणायच्या, “विचारण्यात कसला कमीपणा गं? आपले पैसे आहेत.” त्यामुळे विचारणाऱ्या बाईचा मला मुळात राग नाही.

राग येतो तो एका विशिष्ट वेळी. दिवाळीच्या आदल्या आठवड्यातली गोष्ट सांगते. डोंबिवलीत दिवाळीच्या पहाटे फडके रोडला सगळं गाव लोटतं. त्यामुळे त्या चार दिवसांत आमच्या घरात बसायला जागा नसते, पलंगावरसुद्धा कापडं. एक ओळखीच्या ताई रात्री साडेनऊला ऑफिसमधून थेट आल्या. चार ब्लाउज तयार होते. त्यांनी एकेक उलटून बघितला, फिटिंग आवडलं, पिशवीत ठेवला आणि मग म्हणाल्या, “अठराशे? अहो काकू, हुकाचं पाकीट कितीला येतं? दोऱ्याचं रीळ दहा रुपयाला. कापड माझं. मग तुमचं काय गेलं? तुम्ही तर घरीच असता.”

मी काही बोलले नाही. दोनशे कमी घेतले. पुढे सुट्टीत बसून विचार केला तेव्हा कळलं की त्या दोनशेपेक्षा ‘घरीच तर असता’ हे मला जास्त लागलं होतं. मी घरी असते म्हणून माझ्या तासाला भाव नाही, असंच त्याचं मूळ आहे. त्याच ताई पाडव्याला भेटल्या. अंगातलं तयार ब्लाउज प्रदर्शनातून अठराशेला घेतलं म्हणून कौतुकाने सांगत होत्या. एका ब्लाउजला अठराशे. तिथे त्यांनी हुकाचं पाकीट कितीला येतं हे विचारलं नव्हतं. जिथे काचेचं दार आणि छापील लेबल असतं तिथे आपण गप्प बसतो. प्रश्न पडतो तो समोर जमिनीवर बसून हेम घालणारीलाच.

आता माझी चूक सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं लिहिण्याचा मला हक्क नाही.

दोन वर्षांपूर्वी, मे महिन्यात, नवीनच राहायला आलेली एक मुलगी आली. शाळेत गणित शिकवते. तेव्हा माझ्याकडे साध्या ब्लाउजचे २२० आणि अस्तराच्या ब्लाउजचे ३२० होते, अस्तर माझं. तिने पर्समधून छोटी वही काढली आणि अगदी शांतपणे विचारलं, “काकू, अस्तराचं कापड साठ रुपये मीटर आहे, मी परवाच आणलंय. मीच अस्तर आणून दिलं तर तुम्ही शंभर कमी कराल का?”

मला उत्तर देता आलं नाही. शंभर का घेते हे मलाच ठाऊक नव्हतं. कोपऱ्यावरच्या टेलरच्या पाटीवर शंभरचा फरक होता, म्हणून माझाही होता. त्याने तो कुणाचा बघून लावला होता कोण जाणे. मी तिला म्हटलं, “थोडे दिवस दे, सांगते.” आणि त्या दिवसापासून एक जुनी डायरी मशीनच्या खणात ठेवली. पुढच्या ४० अस्तराच्या ब्लाउजांचा वेळ घड्याळ लावून लिहिला. कुणी अर्ध्यात बोलायला आलं की तेवढा वेळ वजा करायचे, इतकी काटेकोर होते.

त्या डायरीतून निघालं ते असं. माप घेणं आणि गळा कसा हवा हे ठरवणं, १५ मिनिटं. अस्तर पाण्यातून काढून वाळवून इस्त्री करणं, मधला वाळायचा वेळ सोडून १५ मिनिटं. (हे बरेच जण करत नाहीत. मग पहिल्या धुण्यात अस्तर आटतं आणि वरचं कापड फुग्यासारखं दिसतं.) कटिंग अर्धा तास. मशीनवर सव्वा तास. हूक, आय, हेम, सगळं हाताचं, अर्धा तास. शेवटची इस्त्री आणि घालून बघणं दहा मिनिटं. एकूण २ तास ५५ मिनिटं. शिवाय ४० पैकी ७ ब्लाउज दुरुस्तीला परत आले, ते वेगळंच. दुरुस्तीचे मी पैसे घेत नाही. तो वेळ सगळ्यांवर वाटला तर ब्लाउजमागे तीन तास धरायला हरकत नाही.

पैशांची बाजू: अस्तर ५५, दोरा, हूक आणि बकरम (आतून लावायचं कडक कापड) १२, वीज, सुया, तेल आणि मशीनची दुरुस्ती मिळून १३. म्हणजे ३२० मधून ८० गेले, राहिले २४०. त्या चाळिसात एक ब्लाउज माझ्या हातून मुंढ्यात (बाही जोडतात त्या घेरात) चुकला आणि ६०० रुपयांचं कापड मी भरून दिलं. ते वाटलं तर प्रत्येकी आणखी १५ गेले. उरले २२५. तीन तासांचे २२५, तासाला ७५. सकाळी नऊपासून डोळे फुटेस्तोवर तीन ब्लाउज काढले तर दिवसाचे ६७५ रुपये. तेही लग्नसराई आणि सणाच्या दिवसांत. आषाढात आणि पितृपक्षात मशीनवर धूळ बसते.

चोवीस वर्षं मी हा धंदा करत होते आणि मला माझ्या तासाचा भाव माहीत नव्हता. तो त्या मुलीच्या प्रश्नाने कळला.

तिला तिचं उत्तरही दिलं. अस्तर लावणं म्हणजे कापडाची किंमत एवढंच नसतं. अस्तर कापायचं म्हणजे अख्खा ब्लाउज दुसऱ्यांदा कापायचा, मग दोन्ही कापडं एकमेकांवर सुरकुती न पडता बसवायची, टक्स (अंगाच्या आकारासाठी घातलेल्या चुण्या) दोन्हींचे एकावर एक आणायचे. माझ्या हिशेबाने त्यात ५० मिनिटं जास्त जातात. म्हणून तू अस्तर आणलंस तर ५५ कमी होतील, शंभर नाही. ती म्हणाली, “बरोबर आहे, मग तुमचंच लावा.” आणि जाताना दारात थांबून म्हणाली, “काकू, तुम्ही कमी घेताय.” मी त्यानंतर दर वाढवला, आधी ४०० आणि यंदा ४५०. पण त्याच हिशेबात हेही दिसलं की ब्लाउजला पॅड लावायचे मी दीडशे घेत होते, आणि पॅडची जोडी पन्नासला येते, काम पंधरा मिनिटांचं. ते मी शंभरवर आणलं. कुणी मागितलं नव्हतं. पण एकदा वहीत दिसलं की दीडशे म्हणताना जीभ अडखळायला लागली.

वाचक भगिनींनी एमआरपीचं उदाहरण दिलंय. पाकिटावरची एमआरपी म्हणजे सगळे कर धरून जास्तीत जास्त किती घेता येईल तो आकडा. दहा रुपयांच्या बिस्किटाच्या पुड्यावर पिठाचे किती, जाहिरातीचे किती, दुकानदाराचे किती, हे लिहिलेलं नसतं. तो हिशेब कुठलीच कंपनी देत नाही. मोठ्यांकडून जो मागितला जात नाही तो एका मशीनवाल्या बाईने लिहून द्यावा, हे मला पटत नाही. दर लिहून द्यावा, त्यात काय काय येतं तेही लिहून द्यावं, हे मात्र पटतं. मी स्वतः तेच करते.

कायदाही साधारण तेवढंच सांगतो. आमच्या महिला मंडळात ग्राहक दिनाच्या निमित्ताने एक कार्यकर्ते बोलायला आले होते, त्यांनी समजावून सांगितलं आणि मी लिहून घेतलं. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. वस्तूची तशी सेवेचीही किंमत आणि दर्जा जाणून घ्यायचा हक्क ग्राहकाला आहे. दोघांत ठरलेल्या दरापेक्षा जास्त पैसे घेतले तर तक्रार करता येते. बिल-पावती न देणं ही अनुचित प्रथा. म्हणजे सगळा जोर ‘ठरलेल्या’ या शब्दावर आहे. जे ठरलंच नव्हतं त्यावर नंतर भांडून दोघांच्याही हाती काही लागत नाही.

हे मी अंगावर घेऊन शिकलेय. तीन वर्षांपूर्वी एका लग्नाचं काम आलं. नवरीची पैठणी, पाठीवर मोर हवा होता, आरीकामाचा, म्हणजे आकडीच्या सुईने भरलेला. नवरीच्या आईला मी तोंडी म्हटलं, “बाराशे-चौदाशेच्या आसपास जाईल.” आरीकाम मी करत नाही, कारागिराकडे देते. त्याने मोराचा फोटो बघून ९०० सांगितले. मी नवरीला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं, “भारी काम चालेल ना?” तिने अंगठा पाठवला. झालं. ब्लाउज न्यायला आई आली, मी २,३०० सांगितले. तिचा चेहरा पडला. “तुम्ही चौदाशे म्हणाला होता,” ती म्हणाली. मोठ्याने नाही म्हणाली. तिच्या हातात हॉलवाल्याची, फुलवाल्याची, केटररची सगळी पाकिटं मोजून ठेवलेली असणार, हे मला तिच्याकडे बघून दिसत होतं. मी १,७०० घेतले. त्यातले ९०० कारागिराचे. पैठणीवरचा ब्लाउज, काठ बाहीवर सरळ यावा म्हणून दोनदा मांडून कापलेला, तीन दिवस खाऊन गेलेला, त्याचे मला ८०० राहिले आणि त्यातून अस्तर गेलं.

तिचा प्रश्न शंभर टक्के रास्त होता. चूक माझी होती, मी आकडा लिहून दिला नव्हता आणि अंगठ्यावर विसंबले होते. पण तो प्रश्न ज्या वेळी आला त्या वेळी कुणाच्याच हातात काही नव्हतं. जरीच्या कापडाला एकदा सुई गेली की भोक राहतं. उसवून पुन्हा नवं करता येत नाही. माझे तास तर कुठूनच परत यायचे नाहीत. तिला ब्लाउज हवाच होता, लग्न चार दिवसांवर. अशा वेळी घासाघीस होते ती दोघांनाही कडू करून सोडते. ती मुलगी दर दिवाळीला मला शुभेच्छा पाठवते, पण तिची आई पुन्हा आली नाही.

आमच्या घरात दुसरीकडे याच्या अगदी उलट चित्र आहे. मिस्टर रिक्षा चालवतात. त्यांच्या मीटरचं भाडं त्यांनी ठरवायचं नसतं, मुंबई महानगर प्रदेश परिवहन प्राधिकरण ठरवतं. त्यासाठी आधी हकीम समिती झाली, मग खटुआ समिती झाली. गाडीची किंमत, तिची झीज, कर्जाचं व्याज, इंधन, देखभाल, विमा, कर, महागाईचा निर्देशांक, असं सगळं धरून सूत्र बनवलेलं आहे. २०१५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला १८ रुपये होते, २०२१ मध्ये २१ झाले, २०२२ मध्ये २३, आणि १ फेब्रुवारी २०२५ पासून २६. पुढच्या प्रत्येक किलोमीटरला १७ रुपये १४ पैसे. रिक्षावाल्यांना ते कमी वाटतं, प्रवाशांना जास्त वाटतं, वाद होतातच. पण मीटरवर २६ पडले की कुणी मिस्टरांना म्हणत नाही, “पेट्रोल-गॅस एवढ्याचाच लागला, मग बाकीचं कशाचं?” कारण ‘बाकीचं कशाचं’ याचा विचार आधीच, उघडपणे, कागदावर झालेला आहे. गाडी झिजते हे सरकारने मान्य केलंय.

एके रात्री आम्ही दोघं माझी डायरी घेऊन बसलो आणि त्यांच्या पद्धतीने माझा हिशेब मांडला. मशीन २७,००० चं, दहा वर्षं चालेल धरलं. कापडाच्या कडा बांधायचं ओव्हरलॉक मशीन वेगळं. कात्रीला धार. खोलीचा तो कोपरा, जिथे पलंग आला असता. मग मिस्टर म्हणाले, “तुझ्या डोळ्यांचं काय धरायचं?” मी चाळिशीनंतर दोनदा नंबर बदललाय. मानेचा पट्टा कपाटात आहे. हे ते गमतीने म्हणाले नव्हते आणि मीही हसले नाही. रिक्षा झिजते हे सूत्रात आहे. आमच्या सूत्राची कुणी समिती नेमलेली नाही आणि कुणी नेमेल असंही नाही. म्हणून ती बैठक माझी आणि गिऱ्हाइकाची, आम्हा दोघींनाच घ्यावी लागते, माझ्या त्या कोपऱ्यात, कापड पलंगावर पसरलेलं असताना आणि कात्री अजून टेबलावर असताना. गिऱ्हाइकाने दर कसा लावला हे विचारावं का, या प्रश्नाला माझं उत्तर हे आहे. विचारावंच. त्या क्षणी विचारावं. तेव्हा मी गळा साधा करून साठ रुपये कमी करू शकते, कडेची पायपिंग काढू शकते, अस्तर तुमचं घेऊ शकते, किंवा दुसरीकडे जा म्हणून हसत सांगू शकते. तुम्हालाही ‘नको’ म्हणता येतं.

माझं मशीन दुरुस्त करायला जे काका येतात, त्यांच्याकडून मी हे बघून घेतलंय. ते मशीनला हात लावण्याआधी बोलतात. “बघायचे दीडशे. टायमिंग नुसतं बिघडलं असेल तर त्यातच होईल. हूक-सेट गेला असेल तर वर पार्टचे पैसे, आणि जुना पार्ट तुमच्या हातात देईन.” जुना पार्ट खरोखर हातात देतात. मी त्यांना कधी एक रुपया कमी करायला सांगितलेलं नाही आणि कुणी सांगितलेला मला माहीत नाही.

आता माझ्याकडे भिंतीवर पाटी आहे. साधा, अस्तराचा, प्रिन्सेस कट, कटोरी, सगळ्यांचे दर. ‘अस्तर आपण आणल्यास ६० रुपये कमी.’ ‘पहिली दुरुस्ती मोफत.’ ‘चार दिवसांच्या आत हवं असल्यास १०० जास्त’, कारण मग मी रात्री बसते. शिवलेल्या नऊवारीचा दर साडी बघून सांगते. काठ किती रुंद, कापड किती सुळसुळीत, यावर तासच बदलतात. पण तोही पावतीवर लिहून देते, तारीख घालून. बाहेरच्या कारागिराचं काम असेल तर त्याचा आकडा वेगळ्या ओळीत. पाटी लावल्यावर दोन जुनी गिऱ्हाइकं तुटली. त्यांना बहुधा मी त्यांच्यासाठी म्हणून दर कमी करते याचं अप्रूप होतं. नवीन जास्त आली.

आमच्या धंद्यातल्या ज्या गोष्टी वाईट आहेत त्यांवर पांघरूण घालायचं नाही. बिल्डिंग बघून दर सांगणारे आहेत. फ्लॅटवाल्या बाईंना एक दर आणि त्यांच्याच कामवालीला दुसरा, हे एक वेळ मी समजू शकते. पण परगावची, घाईतली, नवरीची आई, अशी अडलेली माणसं बघून आकडा फुगवणारे मी जवळून पाहिलेत. उरलेलं कापड परत न देणारे आहेत. कॉटनचं अस्तर सांगून स्वस्तातलं घालणारे आहेत, ते तर दोन धुण्यांत कळतं. कापड कापून झाल्यावर ‘याला जास्त पडतील’ म्हणणारे आहेत. वाचक भगिनींना असं कुणी भेटलं असेल तर त्यांनी त्याला जाब विचारावा, पावती मागावी, आणि नाही दिली तर तक्रार करावी. मी त्यांच्या बाजूने उभी राहीन.

पण त्यांच्या पत्रात असं काही झाल्याचं दिसत नाही. साडी साडेसातशेची, शिलाई साडेपाचशेची, एवढाच त्यांचा पुरावा आहे. साडीच्या किमतीवरून शिलाई कशी ठरेल? साडेसातशेची साडी आणि साडेसात हजारांची साडी, दोन्हींच्या ब्लाउजचा मुंढा मला तितक्याच निगुतीने काढावा लागतो. उलट स्वस्त सिंथेटिक साडीतलं ब्लाउजपीस कात्रीखाली पळतं, कडेने धागे सोडतं, त्याला इस्त्री जपून लागते. साडी मागावरून मैलोन्मैल निघते. ब्लाउज एका बाईच्या एका अंगाचा असतो. तिच्या डाव्या खांद्याला उतार आहे, मागच्या वर्षी ऑपरेशन झाल्याने एक बाजू कमी आहे, हे मला माहीत असतं आणि ते मी बोलून न दाखवता टक्समध्ये सांभाळते. हे पाटीवर लिहिता येत नाही आणि त्याचे मी वेगळे पैसे लावत नाही. पण शिलाईत ते असतं.

आणखी एक. आतल्या शिवणीत आम्ही जे जास्तीचं कापड ठेवतो, पुढे अंग भरलं तर उसवून मोठं करता यावं म्हणून, त्याला आमच्यात ‘माया’ म्हणतात. तयार ब्लाउजमध्ये ती बऱ्याचदा नसते. मी प्रत्येक बाजूला दीड इंच माया ठेवते. चार वर्षांनी तोच ब्लाउज घेऊन बाई येते, मी उसवते, एक टीप पुढे सरकवते, आणि पैठणीवरचा ब्लाउज पुन्हा अंगात जातो. दर विचारताना हेही विचारा, “माया किती ठेवणार?” गेल्या २६ वर्षांत मला हा प्रश्न मोजून पाच-सहा बायकांनी विचारलाय. त्या सगळ्या स्वतः शिवण शिकलेल्या होत्या.

मुद्दाम सांगते, मला तासाला किती उरतात हे कुणी विचारलं तर मी सांगते, वर लिहिलंच आहे. पण ते सांगायचं की नाही हा माझा निर्णय. वाचक भगिनी नोकरी करतात असं त्यांनी लिहिलंय. त्यांचा पगार किती, त्यातला किती कामाचा आणि किती बसण्याचा, हे त्यांना रस्त्यावर अडवून कुणी विचारत नसेल. दराबद्दल विचारण्याचा अधिकार वेगळा आणि माझ्या पोटापाण्यावर बोट ठेवण्याचा वेगळा. दिवाळीतल्या ताईंनी हुकाच्या पाकिटाचा भाव विचारला तेव्हा त्यांना उत्तर नको होतं, दोनशे रुपये हवे होते. गणिताच्या बाईंना उत्तर हवं होतं. दोघींचे शब्द फारसे वेगळे नव्हते, पण ऐकणाऱ्याला फरक लगेच कळतो.

संपादक महाशय, एक तक्रार तुमच्याकडेही आहे. पत्रात बाईंनी ‘लूट’ हा शब्द कुठेच वापरलेला नाही, मी दोनदा वाचून खात्री केली. तो मथळ्यात तुमच्याकडून आला. आमच्या भागातल्या घरोघरी शिवणाऱ्या बायकांनी तो वाचला. दोघींच्या नवऱ्यांनी तो मोठ्याने वाचून दाखवला. आमच्यापैकी कितीजणींच्या शिलाईवर मुलांची फी जाते, ते तुम्हाला माहीत असतं तर तुम्ही तो घातला नसता. पुढच्या वेळी या विषयावर काही छापण्याआधी तुमच्याकडच्या कुणालातरी माझ्याकडे एक दुपार पाठवा. त्यांनी घड्याळ आणि वही आणावी, आणि एक ब्लाउज माप घेण्यापासून हूक लागेपर्यंत नुसता बघावा. वाचक भगिनींना यायचं असेल तर त्यांनीही यावं, साडेपाचशेवाला ब्लाउज घेऊन. तो उलटा करून मी त्यांना दाखवीन काय काय केलंय आणि काय केलेलं नाही. जास्त घेतले असतील तर तसंही सांगेन. दुपारी दोन ते पाच मी मशीनवर असते. बुधवारी नको, बुधवारी अस्तरं आणायला जाते.

आपली,
शिवणकाम करणारी एक वाचक
डोंबिवली (पूर्व)
(नाव-पत्ता आपल्याकडे दिला आहे, छापू नये ही विनंती.)